किडे, दाणे आणि एक जनुक : नैसर्गिक निवडीचा छोटा प्रोग्रॅम लिहिताना

उत्क्रांतीचा प्रोग्रॅम लिहायला बसलेला माणूस बहुतेक वेळा पहिल्या तासातच चुकतो, आणि त्या चुकीचा प्रोग्रॅमिंगशी काही संबंध नसतो. 'चांगला जीव' कसा असतो हे तो आधीच ठरवून टाकतो. मग जिवांना गुण देणारं एक फंक्शन लिहितो, जास्त गुणवाल्यांना पुढच्या पिढीत पाठवतो, आणि शंभर पिढ्यांनी मनासारखं उत्तर आलं की खूश होतो. मीही असाच खूश झालो होतो. आपणच कपाटात ठेवलेली वस्तू कपाट उघडल्यावर सापडली, यात नवल ते काय, हे डोक्यात शिरायला काही दिवस गेले.

या लेखातल्या प्रोग्रॅममध्ये 'चांगला' हा शब्दच येणार नाही. किडे चालतील, दाणे खातील, उपाशी राहिले तर मरतील, पोट भरलं तर एकाचे दोन होतील. तरीही काही हजार पावलांनंतर किड्यांची चाल बदललेली दिसेल, आणि ती कशी बदलायची हे कोडच्या एकाही ओळीत लिहिलेलं नसेल.

लूप, अट, लिस्ट आणि रँडम आकडा एवढं येत असेल तर पुरे. पायथॉन, जावास्क्रिप्ट, सी, काहीही चालेल. स्क्रॅचमध्ये एका वेळी ३०० क्लोनच तयार होतात, त्यामुळे तिथे खाली दिलेले आकडे निम्मे करावे लागतील. भाषा ज्याची त्याची वेगळी, म्हणून मी पायऱ्या मराठीतच मांडल्या आहेत. त्यांचं कोडमध्ये रूपांतर करणं हा एका संध्याकाळचा उद्योग आहे.

आधी तीन अटी

निवडीने उत्क्रांती व्हायला काय काय लागतं? जीवशास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिन यांनी १९७० मध्ये याची फार नेटकी मांडणी केली. जिवाजिवांत फरक हवा. तो फरक पिलांत उतरायला हवा. आणि त्या फरकामुळे कुणाची पिल्लं जास्त, कुणाची कमी, असं व्हायला हवं. यात जीव मांसाचा असावा असं कुठेच म्हटलेलं नाही. म्हणूनच संगणक नुकते जन्मत होते तेव्हाच, १९५३ मध्ये, गणितज्ञ निल्स बॅरिचेली यांनी प्रिन्स्टनच्या यंत्रावर आकड्यांचे 'जीव' सोडून पाहिले होते.

या तीन अटी लक्षात ठेवा. पुढे आपण प्रत्येकीसाठी एक स्विच बसवणार आहोत आणि तो बंद करून काय बिघडतं ते पाहणार आहोत.

इथेच एका प्रसिद्ध प्रोग्रॅमबद्दल बोलायला हवं, कारण शोधायला गेलात तर सगळ्यात आधी तोच सापडेल. जीवशास्त्रज्ञ रिचर्ड डॉकिन्स यांनी १९८६ मध्ये तो लोकांसमोर ठेवला. २८ अक्षरांचं एक इंग्रजी वाक्य घ्यायचं, रँडम अक्षरांपासून सुरुवात करायची, दर पिढीत थोड्या चुकांसह प्रती काढायच्या आणि मूळ वाक्याशी सर्वांत जास्त जुळणारी प्रत पुढे न्यायची. २६ अक्षरं आणि एक मोकळी जागा धरली तर २८ जागांसाठी एकावर ४० शून्यांहूनही जास्त शक्यता होतात. नुसत्या नशिबाने ते वाक्य विश्वाच्या आयुष्यात जुळणार नाही, पण प्रत्येक टप्प्यावर निवड केली तर थोडक्या पिढ्यांत जुळतं. साठत जाणारी निवड किती ताकदवान असते हे दाखवायला तो प्रोग्रॅम उत्तमच आहे. पण त्यात अंतिम वाक्य आधीच ठरलेलं असतं आणि निसर्गाकडे असं वाक्य नसतं, हे खुद्द डॉकिन्स यांनीच सांगून ठेवलं होतं. तो प्रोग्रॅम म्हणजे कृत्रिम निवड झाली, पैदाशीसाठी कबुतरं निवडणाऱ्या माणसाची. आपल्याला तो माणूस वगळायचा आहे.

मैदान आणि त्याचा जमाखर्च

बुद्धिबळाच्या पटासारखं एक मैदान घ्या, १०० बाय १०० घरांचं. म्हणजे एकूण १०,००० घरं. कडेला भिंत ठेवू नका. उजव्या कडेने बाहेर पडलेला किडा डाव्या कडेने आत यावा, वरून गेलेला खालून. भिंत असली की किडे तिला थटून कोपऱ्यात साचतात आणि मग तुम्ही उत्क्रांती पाहताय की भिंत, तेच कळेनासं होतं. कोडमध्ये हे १०० मिळवून, मग १०० ने भागून उरणारी बाकी घेऊन एका ओळीत होतं.

दर टिकला, म्हणजे काळाच्या प्रत्येक ठोक्याला, १० दाणे रँडम घरांत टाका. एका घरात एकच दाणा मावतो. जिथे आधीच दाणा आहे तिथे पडलेला वाया गेला असं समजा. एका दाण्यातून ४० एकक ऊर्जा मिळते आणि प्रत्येक किडा दर टिकला १ एकक खर्च करतो.

हे आकडे मी हवेतून काढलेले नाहीत. मैदानात दर टिकला १० गुणिले ४० म्हणजे ४०० एकक ऊर्जा येते. एका किड्याचा खर्च १. म्हणजे सगळे दाणे खाल्ले जात असतील तर मैदान साधारण ४०० किडे पोसेल. आता ते दाण्यापर्यंत पोचतील का तेही बघू. ४०० किडे दर टिकला एकेका घरात पाऊल टाकतात, म्हणजे एखाद्या ठरावीक घरात कुणीतरी येण्याची शक्यता सुमारे ४ टक्के. दाणा सरासरी २५ टिक पडून राहणार, आणि कुठल्याही क्षणी मैदानात अडीचशेच्या आसपास दाणे दिसणार. अडीचशे दाणे दहा हजार घरांत, म्हणजे दर ४० पावलांना एक दाणा. एक दाणा, ४० एकक. खर्च ४० पावलांचा, ४० एकक. हिशेब जुळला.

स्वतःचे आकडे घ्यायचे असतील तर जरूर घ्या, पण आधी कागदावर एवढं गणित करा. या प्रकारचे बहुतेक प्रोग्रॅम पहिल्या पाचशे टिकांत सगळे किडे मेल्यामुळे किंवा लाखभर झाल्यामुळे सोडून दिले जातात, आणि त्यामागे बग नसतो, न केलेली बेरीज असते.

किडा

प्रत्येक किड्याकडे पाचच गोष्टी असतात: जागा, तोंड कुठल्या दिशेला आहे ते, ऊर्जा, 'वळण' नावाचं एक जनुक, आणि कुळ क्रमांक.

वळण हा ० ते १०० मधला पूर्ण आकडा. पाऊल टाकण्यापूर्वी किडा वळेल याची ती टक्केवारी. वळण ० असेल तर तो आयुष्यभर नाकासमोर चालतो, १०० असेल तर प्रत्येक पावलाला डावीकडे किंवा उजवीकडे वळतो. डावं की उजवं, हे नाणं उडवून. मराठीत वळण म्हणजे संस्कारही, पण इथे तो अर्थ पूर्ण विसरा. हा किडा काहीही शिकत नाही. जन्माला येताना जो आकडा मिळाला तोच मरेपर्यंत. उपाशी राहिला म्हणून तो शहाणा होत नाही, फक्त मरतो. नवशिके इथे नकळत 'भूक लागली तर वळण कमी कर' अशी ओळ घालतात आणि मग उत्क्रांती कोणती आणि शिकणं कोणतं हे वेगळं काढता येत नाही.

कुळ क्रमांकाचं काम पुढे येईल. सुरुवातीच्या प्रत्येक किड्याला १, २, ३ असा वेगळा क्रमांक द्या आणि पिलांना तोच जसाच्या तसा मिळू द्या. आडनावासारखा.

दिशांना ० ते ३ आकडे द्या: उत्तर, पूर्व, दक्षिण, पश्चिम. उजवीकडे वळायला १ मिळवून ४ ने भागा आणि बाकी घ्या. डावीकडे वळायला १ वजा करू नका, ३ मिळवा. सी आणि जावास्क्रिप्टमध्ये उणे संख्येची बाकीही उणे येते, आणि दिशा उणे एक असलेला किडा कुठे जातो हे शोधण्यात रात्र जाते.

एका टिकमध्ये काय होतं

सुरुवातीला २०० किडे रँडम जागी सोडा, प्रत्येकाची ऊर्जा १००, वळण ५०. मैदानात २५० दाणे आधीच पसरून ठेवा. सगळ्यांचं वळण सारखंच ठेवण्यामागे कारण आहे: पुढे जो काही बदल दिसेल तो नव्या म्युटेशनमधूनच, म्हणजे पिल्लू होताना जनुकात होणाऱ्या छोट्या रँडम बदलातूनच, आलेला असेल. मग हे चक्र सुरू करा:

१. मैदानात १० दाणे टाका.

२. पत्ते पिसतात तशी किड्यांची यादी पिसा.

३. यादीतल्या प्रत्येक किड्यासाठी:
 ० ते ९९ मधला रँडम आकडा काढा. तो वळणापेक्षा लहान असेल तर नाणं उडवून डावीकडे किंवा उजवीकडे वळवा.
 एक घर पुढे सरकवा.
 ऊर्जेतून १ वजा करा.
 त्या घरात दाणा असेल तर तो उचला, ऊर्जेत ४० मिळवा.
 ऊर्जा ० झाली असेल तर 'मेला' अशी खूण करा.
 ऊर्जा २०० किंवा जास्त असेल तर पिल्लू तयार करा आणि ते वेगळ्या यादीत ठेवा.

४. खूण केलेले काढून टाका, पिलांची यादी मुख्य यादीला जोडा.

५. दर १०० टिकांना नोंद करा.

पिल्लू करताना आईची ऊर्जा निम्मी होते आणि उरलेली अर्धी पिलाला मिळते. आकडा विषम असेल तर जास्तीचा एक आईकडे राहू द्या, हरवू देऊ नका. पिलाची दिशा रँडम ठेवा, नाहीतर मायलेक एकाच रांगेत पाठोपाठ चालत राहतात आणि मागच्याच्या वाट्याला रिकामी घरं येतात.

म्युटेशन असं: पिलाचं वळण म्हणजे आईचं वळण अधिक −४ ते +४ मधला एक रँडम आकडा. तो शून्याखाली गेला तर उणे चिन्ह काढून टाका, म्हणजे −२ चे २ होतील. १०० वर गेला तर २०० मधून वजा करा, १०३ चे ९७ होतील. कडेला चिकटवून ठेवणं, म्हणजे शून्याखालचं सगळं शून्यच धरणं, सोपं असतं. पण मग निवड नसतानाही ० आणि १०० वर गर्दी होते, आणि आपण फसतो.

नोंदीत काय लिहायचं? किड्यांची संख्या, दाण्यांची संख्या, वळणाची सरासरी, शिल्लक कुळं. शिवाय वळणाचे दहा-दहाचे गट पाडून प्रत्येक गटात किती किडे आहेत ते. नुसत्या सरासरीवर भरवसा ठेवू नका. अर्धे किडे १० वर आणि अर्धे ९० वर असतील तरी सरासरी ५०च येईल. चित्र काढायचा मोह आवरा. पडद्यावर पळणारे ठिपके बघायला मजा येते, पण ठिपक्यांकडे बघून सरासरी ६ ने हलली हे कुणालाही कळत नाही. आधी आकड्यांची फाईल, मग ग्राफ, आणि सगळ्यात शेवटी ठिपके.

पहिली रन

५०,००० टिक चालवा. ४०० किड्यांची दोन कोटी पावलं होतात. संथ भाषेत काही मिनिटं लागतील, तेवढ्यात चहा होतो.

संख्या आधी फुगून मग आपटली तर घाबरू नका. दाणे संपल्यावरही किडे साठवलेल्या ऊर्जेवर काही काळ तग धरतात, त्यामुळे मैदानाच्या कुवतीपेक्षा जास्त गर्दी होते आणि नंतर एकदम मरतात. हळूहळू संख्या चारशेच्या अलीकडे स्थिरावते. त्यानंतर वळणाची सरासरी पाहा. ती ५० वरून खाली घसरत जाते आणि शून्याच्या जवळपास कुठेतरी रेंगाळते. नेमकी शून्यावर बसत नाही, कारण म्युटेशन तिला पुन्हा पुन्हा वर ढकलतं, आणि वळण ० आणि वळण ४ असलेल्यांच्या कमाईत फारसा फरकही नसतो.

असं का झालं? वळण १०० असलेला किडा ४९ पावलं चालला तर सुरुवातीच्या जागेपासून साधारण ७ घरंच लांब जातो. रँडम चालीत अंतर पावलांच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतं. वळण ० वाला तेवढ्याच पावलांत ४९ घरं लांब असतो आणि त्यातलं प्रत्येक घर त्याच्यासाठी नवं असतं. घुटमळणारा किडा स्वतःच नुकत्याच रिकाम्या केलेल्या घरांत पुन्हा पुन्हा जातो. एवढाच फरक. ज्याला जास्त दाणे मिळाले तो आधी २०० ला पोचला, आणि त्याच्या पिलांना त्याचंच वळण मिळालं.

नैसर्गिक निवड म्हटलं की मराठीत लगेच 'बळी तो कान पिळी' म्हटलं जातं. या मैदानात कुणीच कुणाचा कान पिळलेला नाही. दोन किडे एका घरात आले तरी एकमेकांना दिसतसुद्धा नाहीत. डार्विनच्या १८५९ च्या ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीत 'जो लायक तो टिकेल' हा शब्दप्रयोग नव्हताच. तो तत्त्वज्ञ हर्बर्ट स्पेन्सर यांनी १८६४ मध्ये आणला आणि डार्विनने नंतरच्या आवृत्तीत घेतला. माझ्या मते या म्हणीने जेवढा गैरसमज पसरवला तेवढा शाळेतल्या वाईट शिकवणीनेही पसरवला नसेल.

तीन स्विच

सरासरी घसरली म्हणजे निवड सिद्ध झाली, असं नाही. इथपर्यंत येऊन थांबणारे खूप आहेत, आणि खरी गंमत तर इथून पुढे आहे.

पहिला स्विच निवडीचा. तो बंद केला की किडे चालतील, पण दाणे चालण्यावर मिळणार नाहीत. दर टिकला चिठ्ठ्या टाकून १० किडे निवडा आणि प्रत्येकाला ४० ऊर्जा द्या. मैदानाचा जमाखर्च तोच, संख्या तेवढीच, जन्ममृत्यूही होतात, पण वळणाचा कमाईशी संबंध तुटला. आता सरासरी काय करते ते पाहा.

ती स्थिर राहील अशी अपेक्षा असेल तर धक्का बसेल. ती भटकते. एका रनमध्ये ३५ वर जाईल, दुसऱ्यात ७० वर. याला जनुकीय अपवाह म्हणतात, आणि तो समजायला कुळ क्रमांक कामी येतो. कुळ क्रमांकाचा कशावरही परिणाम होत नाही, तरीही २०० कुळांतली कुळं एकेक करून नाहीशी होतात. पुरेसा वेळ दिलात तर शेवटी एकच कुळ उरतं. कोणतं, ते निव्वळ नशीब. सुरुवातीला प्रत्येकाची शक्यता २०० त एक. १८७० च्या दशकात फ्रान्सिस गॉल्टन आणि हेन्री वॉटसन यांनी आडनावं नष्ट का होतात याचं गणित मांडलं, ते हेच. जपानचे मोतू किमुरा यांनी १९६८ मध्ये रेणूंच्या पातळीवरचे बहुतेक बदल असेच तटस्थ असतात असं म्हटलं तेव्हा मोठा वाद झाला होता.

म्हणून एक रन म्हणजे काहीच नाही. निवड चालू ठेवून दहा वेगवेगळ्या सीडवर दहा रन करा, बंद ठेवून दहा. चालू असताना दहाही ग्राफ एकाच बाजूला उतरतील. बंद असताना ते फुटलेल्या माळेतल्या मण्यांसारखे पसरतील. हा फरक डोळ्यांनी दिसला की मगच 'निवड झाली' म्हणा. सीड, म्हणजे रँडम आकड्यांची सुरुवात ठरवणारा आकडा, प्रत्येक रनच्या फाईलच्या नावातच लिहून ठेवा. विचित्र काही दिसलं तर तीच रन पुन्हा हुबेहूब चालवता येते.

दुसरा स्विच वारशाचा. पिलाला आईचं वळण न देता ० ते १०० मधलं कुठलंही द्या. कमाईतला फरक तसाच आहे, सरळ चालणारेच जास्त जगतात, त्यामुळे सरासरी ५० च्या थोडी खाली राहील, पण तिथेच अडकेल. दर पिढीत पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

तिसरा फरकाचा. म्युटेशन बंद करून सगळ्यांना ५० दिलंत तर काहीच होणार नाही, हे उघड आहे. त्यापेक्षा सुरुवातीला वळण ४० ते ६० मध्ये पसरवा आणि मग म्युटेशन बंद करा. सरासरी घसरेल आणि ४० च्या आसपास येऊन थांबेल. पाचचं वळण कितीही फायद्याचं असलं तरी ते कुणाकडेच नाही, आणि निवड स्वतः काही निर्माण करत नाही.

फायद्याचं म्युटेशन आलं म्हणजे ते पसरणारच, हाही एक भ्रम. जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२७ मध्ये दाखवलं की थोड्या फायद्याच्या नव्या म्युटेशनची टिकण्याची शक्यता त्या फायद्याच्या साधारण दुप्पट असते. म्हणजे ५ टक्के जास्त पिल्लं देणारं म्युटेशन दहातल्या नऊ वेळा सुरुवातीलाच हरवतं. सरळ चालणारा पहिला किडा जन्मतःच रिकाम्या पट्ट्यात सापडला आणि मेला, असं होतच राहतं.

मैदान बदला, उत्तर बदलतं

आता मधोमध २० बाय २० घरांची एक बाग करा. १० पैकी ५ दाणे फक्त बागेत टाका, उरलेले ५ सगळ्या मैदानात. बाकी कोडला हात लावू नका. नोंदीत मात्र बागेतल्या आणि बाहेरच्या किड्यांची सरासरी वेगवेगळी काढा.

सरळ चालणारा किडा बागेत शिरला तर जास्तीत जास्त २० पावलांत बाहेर पडतो. घुटमळणारा तिथेच राहतो आणि त्याची पिल्लंही तिथेच जन्मतात. बाहेर जे वळण तोट्याचं होतं तेच आत फायद्याचं ठरतं. आतली सरासरी बाहेरच्यापेक्षा वर सरकताना दिसेल, आणि दहा-दहाच्या गटांचा आलेख पसरट होईल, कधी कधी दोन उंचवट्यांचा. फरक नीट दिसत नसेल तर बागेत ७ दाणे टाकून पाहा. बागेचे किडे सारखे बाहेर गळत असतात आणि बाहेरचे आत घुसत असतात, त्यामुळे दोन गट पूर्ण वेगळे होत नाहीत.

निसर्गातलं याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे इंग्लंडमधला ठिपकेदार पतंग. त्याचा काळा प्रकार मँचेस्टरमध्ये १८४८ मध्ये नोंदला गेला आणि १८९५ पर्यंत तिथले सुमारे ९८ टक्के पतंग काळे होते, कारण धुराने झाडांची खोडं काळी पडली होती आणि पक्ष्यांना फिके पतंग चटकन दिसत. हाल्डेन यांनीच १९२४ मध्ये कागदावर हिशेब केला की एवढ्या वेगाने बदल व्हायचा तर काळ्यांनी फिक्यांच्या दीडपट पिल्लं मागे ठेवली असली पाहिजेत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हवा स्वच्छ होत गेली आणि काळे पुन्हा कमी होत गेले. 'काळा चांगला' हे कुठेही कायमचं लिहिलेलं नव्हतं.

जिथे हमखास घोळ होतो

यादी न पिसणं हा सगळ्यात लपून बसणारा बग. यादीत पुढे असलेले किडे आधी चालतात, आधी खातात. पिल्लं यादीच्या शेवटी जोडली जातात, म्हणजे म्हाताऱ्यांना कायमचा फायदा. माझ्या पहिल्या प्रोग्रॅममध्ये हेच होतं. उत्क्रांती विलक्षण मंद चालली होती आणि मी दोन दिवस म्युटेशनचे आकडे बदलत बसलो होतो.

दुसरा: लूप चालू असतानाच यादीतून मेलेले काढणं. एक काढला की पुढचा त्याच्या जागी सरकतो आणि लूप त्याला ओलांडून जातो. त्याची पाळी चुकते, खर्च वाचतो. म्हणून आधी खूण, मग सफाई.

तिसरा पायथॉन आणि जावास्क्रिप्टवाल्यांसाठी. जनुकं लिस्टमध्ये ठेवलीत आणि पिलाला आईची लिस्ट सरळ 'दिली', तर दोघांकडे एकच लिस्ट असते. पिलात म्युटेशन झालं की आईही बदलते, आजीही बदलते, सगळं घराणं एकदम बदलतं. नवी प्रत काढूनच द्या.

चौथा घोळ ऊर्जेच्या हिशेबाचा. त्यासाठी मी दर टिकला एक तपासणी ठेवतो: सगळ्या किड्यांची आताची एकूण ऊर्जा म्हणजे आधीची ऊर्जा, वजा किड्यांची संख्या, अधिक खाल्लेले दाणे गुणिले ४०. मेलेल्याकडे नेमका शून्यच असतो आणि विभागणीत काही हरवत नाही, त्यामुळे हा हिशेब एककापर्यंत जुळायला हवा. जुळला नाही तर प्रोग्रॅम तिथेच थांबवा. कारण कुठेतरी फुकट ऊर्जा मिळत असेल तर ती तुमच्या आधी किड्यांना सापडते. हे गमतीने म्हणत नाही. १९९४ मध्ये कार्ल सिम्स यांनी संगणकात आभासी प्राणी उत्क्रांत केले. वेगाने सरकण्याला बक्षीस होतं, तर काही प्राणी नुसते उंच वाढून धाडकन पडायला शिकले. पडणं हेही सरकणंच. टॉम रे यांच्या टिएरा या आभासी जगात त्यांनी ८० सूचनांचा एक जीव सोडला होता. थोड्याच वेळात तिथे ४५ सूचनांचे परजीवी दिसले, जे स्वतःची प्रत काढायला शेजाऱ्याचा कोड वापरत होते.

दुसरं जनुक घालताना

एक जनुक नीट चाललं की हात शिवशिवतात. वेग घालावासा वाटतो: एका टिकमध्ये किती घरं पुढे जायचं. घाला, पण त्याची किंमतही घाला. वेग फुकट असेल तर सरासरी सरळ वरच्या टोकाला जाऊन बसेल आणि त्यातून काहीही कळणार नाही. दोन घरांना २ एकक खर्च ठेवा, मग ४ ठेवा, आणि सरासरी कुठे थांबते ते पाहा. कुठलंही जनुक घालण्याआधी 'हे जास्त असण्याचा तोटा काय' या प्रश्नाचं उत्तर कोडमध्ये दाखवता आलं पाहिजे.

माझं आवडतं दुसरं जनुक म्हणजे विभागणीचा उंबरठा. २०० हा आकडा सगळ्यांसाठी कायम न ठेवता प्रत्येक किड्याचा स्वतःचा करायचा, ५० ते ४०० मधला. लवकर विभागणाऱ्याची पिल्लं पटापट येतात पण प्रत्येकाच्या गाठीला थोडीच ऊर्जा असते. उशीर करणाऱ्याची पिल्लं कमी, पण शिदोरी मोठी. इथे वेगळी किंमत घालावी लागत नाही, ती ऊर्जेच्या हिशेबातच आहे. आता दाणे नियमित न टाकता २०० टिक दुप्पट आणि पुढचे २०० टिक एकही नाही, असं करून पाहा. एकूण ऊर्जा तीच राहते. नियमित मैदानातला उंबरठा आणि दुष्काळी मैदानातला उंबरठा दहा-दहा सीडवर काढून शेजारी मांडा. सगळे किडे पहिल्याच दुष्काळात मेले तर २०० चे १०० टिक करा. उपासाचा काळ सुरुवातीच्या शिदोरीपेक्षा मोठा असेल तर निवड व्हायला कुणी शिल्लकच राहत नाही.